पंधरा कोटींचं बेट

सेमारांग (मध्य जावा)

बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत ४७ लाख ७९ हजार भरली होती. हा आकडा इथं जावात बसून उकरून काढायचं कारण असं : १८१५च्या सुमारास जावा काही वर्षं इंग्रजांकडे होता आणि इंग्रज अधिकारी राफल्सच्या कारभारात इथली डोकी मोजली गेली. शेजारचं मदुरा बेट धरून ती ४६ लाखांच्या आसपास निघाली. दोनशे वर्षांपूर्वी अख्ख्या जावात जेवढी माणसं होती, तेवढी आज आपल्या एका जिल्ह्यात आहेत. ती मोजणी कमीच झाली असणार असं अभ्यासक म्हणतात. ते धरलं तरी पुढचा आकडा पचायला जड जातो. २०२०च्या जनगणनेत जावावर १५ कोटी १६ लाख माणसं होती. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही बेटावर एवढी नाहीत. आणि बेट महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही लहान.

एवढी माणसं म्हटल्यावर डोळ्यांसमोर जकार्ता येतं; ट्रॅफिक, उंच इमारती, खाली झोपड्या. पण जावाची गर्दी समजून घ्यायची तर शहराबाहेर पडावं. इथून उत्तर किनाऱ्याच्या हमरस्त्याने सुराबायाकडे निघालं की भाताची खाचरं लागतात, मग कौलारू घरं, मशीद, शाळा, पुन्हा खाचरं. ओसाड माळ असा लागतच नाही. निपाणीहून चिकोडीकडे जाताना दोन गावांच्या मध्ये जो मोकळा पट्टा दिसतो, तो इथं कुणीतरी कधीच भरून टाकलाय. बेळगाव जिल्ह्यात चौरस किलोमीटरला साडेतीनशेच्या वर माणसं, इथं अकराशेच्या वर. तरी खेड्यात फिरताना कोंडल्यासारखं होत नाही. झाडी दाट आहे, आवाज बेताचा आणि अंगण झाडलेलं.

ही माणसं इथंच का साठली? लगतचा सुमात्रा जावाच्या तिपटीहून मोठा आणि तिथं सहा कोटींच्या आसपास माणसं. बोर्नियोचा इंडोनेशियातला भाग तर त्याहून विरळ. उत्तराचा मोठा भाग जमिनीखाली आहे. जावाच्या कण्यावर ज्वालामुखींची रांगच आहे आणि त्यांची राख झिजून होणारी माती पिकाला मानवते. शेजारच्या बेटांवर पावसाने माती धुपून निकस झाली. इथं डोंगर मधूनमधून नवा थर टाकत राहिले. त्या मातीत पाटाच्या पाण्यावर भात, वर्षात दोनदा, जमलं तर तीनदा. माणसं त्या डोंगराच्या पायथ्यालाच राहतात. २०१०मध्ये योग्याकर्ताजवळचा मेरापी फुटला, साडेतीनशेच्या वर माणसं गेली. पुढे उतारावर पुन्हा शेती उभी राहिली. जी राख जीव घेते तीच पोटाला घालते, आणि शेतकरी त्यातल्या दुसऱ्या गोष्टीकडे बघून जगतो.

पण नुसत्या मातीने पंधरा कोटी होत नाहीत. १८३०पासून इथल्या डच वसाहती सरकारने गावांवर सक्ती आणली : जमिनीचा पाचवा हिस्सा सरकारी पिकाला द्यायचा, म्हणजे ऊस, नीळ, कॉफी, आणि वर राबायचंही. वेठ वाढली की घरात हात जास्त लागतात, म्हणून कुटुंबं वाढली, असा एक तर्क मांडला जातो. मला तो पटतो. ऊस आणि भात एकाच पाण्याच्या जमिनीत आलटून पालटून घेतले जात. ऊस परदेशी जाई, भात गावात राही आणि त्याच खाचरात आणखी माणसं राबत. अमेरिकी अभ्यासक क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९६३च्या पुस्तकात हेच मांडलं, की जावाने गरिबी वाटून घेतली. त्यांच्यावर पुढे पुष्कळ टीका झाली. गावात वाटणी कुठली, जमीनदार आणि मजूर इथंही होतेच, अशी. टीका रास्त आहे. ऊसवाल्या वाचकांसाठी एक जोड : दख्खनच्या कालव्यांखाली एकेकाळी गाजलेली पीओजे २८७८ ही उसाची जात इथल्याच पूर्व जावातल्या संशोधन केंद्राची.

कामाची वाटणी मात्र खरोखर होती. भात कापायला इथल्या बाया तळहातात मावणारं एक पातं वापरत, त्याला ‘आनी-आनी’ म्हणतात. त्याने एकेक लोंबी खुडायची. भाताची देवी श्री, तिला विळा दिसू नये अशी समजूत. कापणीला गावातलं कुणीही यावं, खुडावं आणि खुडलेल्यातला ठरलेला वाटा घरी न्यावा. विळ्याने दहा बायांत उरकणारं काम त्यामुळे शंभर बायांना पुरायचं. १९७०च्या दशकात बुटक्या ताटांचं सुधारित भात आलं. ते विळ्यानेच सोयीचं पडतं. शेतकरी उभं पीक व्यापाऱ्याला विकू लागला, व्यापारी आपली टोळी घेऊन येऊ लागला आणि बाकीच्या बाया बांधावर राहिल्या. तांदूळ वाढला, वाटा गेला. हरितक्रांतीच्या यशाच्या गोष्टीत हा भाग सहसा सांगत नाहीत.

आता कुडुसविषयी. हे गाव पाहिल्यावर आपल्याकडच्या वाचकांना पत्र लिहायचं ठरवलं. सेमारांगहून पूर्वेला पन्नासेक किलोमीटर, तंबाखूचं गाव. इथं लवंग घातलेली सिगारेट होते, तिला ‘क्रेतेक’ म्हणतात. देशातले बहुसंख्य पुरुष ओढतात आणि त्याचे जे परिणाम व्हायचे ते होतातच. भल्या पहाटे हजारो बाया कारखान्यांकडे निघालेल्या दिसतात, दुपारी परत. त्यातल्या एका कारखान्यात ओळखीने आत जाता आलं. लांबच लांब दालन, बाकांच्या रांगा आणि प्रत्येक बाकावर बाया जोडीने. एक लाकडी साच्यावर कागद ठेवते, तंबाखूची चिमूट पसरते, दांडा ओढते. सिगारेट एका टोकाला निमुळती होऊन बाहेर येते. शेजारची ती घेऊन कात्रीने दोन्ही टोकांचे केस कापते. बोलणं चालू, हात चालू. कात्र्यांचा आवाज असा की पत्र्यावर पाऊस लागलाय.

निपाणीत मांडीवर सूप घेऊन बिड्या वळणाऱ्या बायका बघत मी वाढलो. भिजवलेलं पान फर्म्यावर कापायचं, चिमूटभर जर्दा, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा. म्हणून त्या कात्रीवालीला मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं, की आमच्याकडे हेच काम घरी बसून करतात, कागदाऐवजी पानात.

“लवंग?”

“नाही घालत, बाई.”

“मग ओढायचं तरी कशाला?” असं म्हणून ती शेजारणीकडे बघून हसली.

यंत्रावर क्रेतेक होत नाही असं नाही. बाजारात यंत्राचाच माल जास्त आहे. पण सरकारने हाताने वळलेल्या सिगारेटीवरचा कर मुद्दाम कमी ठेवलाय, यंत्राच्या मालावर जास्त. हेतू उघड आहे : तो फरक मिटवला तर कुडुससारख्या गावातल्या बाया एका रात्रीत घरी बसतील. आपल्याकडेही बिडीवर सिगारेटपेक्षा कर कमी असतो, तो याच हिशेबाने. जिथं हात फार, तिथं यंत्राला वेसण घालावी लागते. फरक एवढाच की इथली बाई कारखान्याच्या छपराखाली बसते, वेळेला येते, वेळेला जाते. निपाणीची बाई घरी वळते आणि ‘छाट’ म्हणून किती बिड्या बाजूला पडल्या हे तिला माल घालताना कळतं. संघटना बांधायची तर एका छपराखाली बसलेल्या बायांची बांधणं सोपं, असं मला वाटायचं. पण राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंच्या राजवटीच्या तीस वर्षांत इथं सरकारी परवानगीशिवाय संघटना उभीच राहू शकत नव्हती, आणि निपाणीत विखुरलेल्या बायांनी मोर्चे काढले.

शेतकऱ्याची कथा मात्र दोन्हीकडे एकच. तमांगुंगच्या डोंगरउतारावरचा तंबाखू कुडुसच्या कंपन्या घेतात. कंपनीचा प्रतवारीवाला पानं हातात घेतो, नाकाला लावतो आणि प्रत सांगतो. तो सांगेल ती प्रत, म्हणेल तो दर. १९८१च्या मार्च-एप्रिलमध्ये शेतकरी नेते शरद जोशींबरोबर महामार्गावर ठाण मांडून बसलेल्या आणि पोलिसांच्या गोळ्या खाल्लेल्या निपाणीच्या तंबाखूवाल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

जास्त माणसांच्या बाकीच्या बेटांविषयी थोडक्यात. जावाखालोखाल जपानचं होन्शू, दहा कोटींच्या थोडं वर. पण तिथं माणसं म्हातारी होऊन कमी होतायत. मग ब्रिटन आणि फिलिपिन्सचं लुझॉन, दोन्ही सहा कोटींच्या वर. आणि या यादीत आपलंही एक बेट आहे, साष्टी. मुंबई उपनगर, मीरा-भाईंदर, ठाण्याचा मोठा भाग आणि आता जोडून गेलेली मूळ मुंबई धरली तर दीड कोटीच्या आसपास. दाटीत जावा तिच्यापुढे काहीच नाही. बोरिवलीत राहणाऱ्या आमच्या पाहुण्यांना सांगून बघा तुम्ही बेटावर राहता म्हणून.

जावाची गर्दी कमी करायला माणसं दुसऱ्या बेटांवर हलवायचा उद्योग डचांनीच सुरू केला. १९०५ साली मध्य जावातून १५५ कुटुंबं सुमात्राच्या दक्षिण टोकाला, लांपुंगला, नेऊन वसवली. सुहार्तोंच्या काळात तर १९७९ ते १९८४ या पाच वर्षांत पाच लाखांहून जास्त कुटुंबं हलली. जमीन, घर, वर्षभराचं धान्य सरकारचं. जावाची गर्दी त्याने तसूभर कमी झाली नाही. लांपुंगमध्ये मात्र जावानीज बहुसंख्य होऊन बसले. २००१मध्ये बोर्नियोत संपितला स्थानिक दयाक आणि मदुराहून आलेले यांच्यात कापाकापी झाली, शेकडो मेले. माणूस नेऊन वसवला की तो आपली भाषा, देव, खाणं घेऊन जातो. तिथं आधी राहणाऱ्याला कुणी विचारलेलं नसतं.

भाषेचं निघालं की आपल्या सीमाभागातल्या माणसाचे कान टवकारतात, म्हणून हेही सांगतो. देशात दहातले चार जण जावानीज, तरी देशाची भाषा जावानीज नाही. १९२८च्या ऑक्टोबरमध्ये तरुणांच्या परिषदेत मलायवर आधारलेली भाषा सगळ्यांची म्हणून ठरली. ती बंदरा-बाजारांतून आधीच फिरत होती, शिकायला सोपी होती. जावानीजमध्ये वडीलधाऱ्यांशी, बरोबरीच्यांशी, हाताखालच्यांशी बोलायचे शब्दच निराळे. बहुसंख्यांनी आपली भाषा पुढे रेटली नाही याचं मला बेळगावचा माणूस म्हणून अप्रूप वाटतं. मात्र भाषा सोडली, खुर्ची सोडली नाही. बहुतेक राष्ट्राध्यक्ष जावानीजच.

माणसं हलवून जमलं नाही ते कुटुंबनियोजनाने बरंच जमवलं. १९७०मध्ये त्यासाठी स्वतंत्र खातं झालं. ‘दोन मुलं पुरेत’ ही घोषणा गावोगावच्या फलकांवर आणि बायकांच्या मंडळात. ही मंडळं म्हणजे निम्मी भिशी, निम्मा दवाखाना. साठच्या दशकात बाईला सरासरी साडेपाच मुलं होत, आता दोनाच्या थोडं वर. दडपशाही झाली नाही असं नाही. सैन्य आणि सरपंच मागे लागत. पण आणीबाणीतल्या नसबंदीसारखा त्याचा बोभाटा होऊन कार्यक्रमच बुडाला, असं इथं झालं नाही.

आता नवा खटाटोप राजधानी हलवायचा आहे. जकार्ता भूजल उपसून उपसून खचतंय, भरतीचं पाणी आत येतंय, आणि सगळा देश जावात गोळा झालाय. म्हणून बोर्नियोच्या पूर्व भागात नुसांतारा नावाचं शहर. २०२२मध्ये कायदा झाला, १७ ऑगस्ट २०२४ला तिथं पहिल्यांदा स्वातंत्र्यदिन झाला. सरकारी इमारत उभी केली म्हणून सरकार तिथं राहायला येतं असं नाही, हे २०१२पासून गावातली कर्नाटक विधिमंडळाची सुवर्णसौध बघणाऱ्या बेळगावकरांना ठाऊक आहे. माझ्या घरमालकिणीचा जावई जकार्तात मंत्रालयात कारकून आहे. नुसांताराला जाणार का म्हणून विचारलं तर म्हणाला, हुकूम आला तर जावंच लागेल, पण एकटा जाईन. बायकोची नोकरी इथं, पोरांची शाळा इथं आणि सासूबाईंचं भाताचं खाचरही इथंच आहे.