गाडी खाली बसली, आता स्प्रिंग टाकायची का?

आजचा विषय आहे महागड्या गाडीचं एअर सस्पेन्शन काढून तिथं पोलादी स्प्रिंग बसवण्याचा. तुम्ही म्हणाल, हसनाबादेत अशा गाड्या आहेत तरी किती? पण आठ-दहा वर्षं जुनी मर्सिडीज, ऑडी किंवा रेंज रोव्हर आज बऱ्याचदा नव्या साध्या गाडीच्या भावात मिळते. घेणं परवडतं, पण खरा प्रश्न पुढं येतो. एके दिवशी सकाळी बघावं तर गाडी एका कोपऱ्यात खाली बसलेली. मग कुणीतरी सांगतं, "काढा ते फुगे, स्प्रिंग टाका, कटकट मिटली." मिटते का, ते बघू.

आधी हा फुगा काय करतो ते समजून घ्या. समजा गाडी २४०० किलोची आहे. एका कोपऱ्यावर ६०० किलो आले. चाक, ब्रेक यांचं वजन सोडलं तर फुग्यावर ५५० धरा. आत हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ७ किलो असेल, तर ५५० भागिले ७, म्हणजे ७८ चौरस सेंटिमीटर. साधारण १० सेंटिमीटर व्यासाचा फुगा झाला. ट्रकच्या टायरमध्ये साधारण एवढ्याच दाबाची हवा असते. म्हणजे यात जादू काही नाही.

खरी गंमत उंचीची आहे. राजूरच्या गणपतीला निघालात, मागं तीन माणसं आणि डिकीत सामान, मिळून २४० किलो. सगळं मागच्या चाकांवर आलं असं धरू, म्हणजे एका बाजूला १२०. पोलादी स्प्रिंग मिलिमीटरला ३ किलो घेणारी असेल तर ती ४० मिलिमीटर दबणार. एअर सस्पेन्शनमध्ये उंची मोजणारे सेन्सर असतात. गाडी दबली की कॉम्प्रेसर हवा भरतो, गाडी परत होती तिथं येते. थोडक्यात, फुगा भार पेलतो आणि उंचीही राखतो. स्प्रिंग फक्त भार पेलते.

मग बिघडतं काय? फुग्याचं रबर खाली-वर होताना एकाच घडीवर दुमडतं. त्या घडीत आपल्याकडची धूळ बसली की ती पॉलिश पेपरसारखी घासते, त्यात उन्हाळा. बारीक चीर पडते, रात्रभर हवा निघते. कॉम्प्रेसर ती भरत राहतो. एसटीच्या शिवनेरी बसलाही एअर सस्पेन्शनच असतं, पण तिथला कॉम्प्रेसर मोठा, ब्रेकसाठीही हवा देणारा. कारचा कॉम्प्रेसर म्हणजे छोटी विजेची मोटर, थोडा वेळ चालून थांबण्यासाठी बनवलेली. ती तासन् तास चालली की जळते. लक्षात ठेवा: कॉम्प्रेसर जळणं हे बऱ्याचदा गळतीचं फळ असतं. गळती तशीच ठेवून नवा कॉम्प्रेसर टाकला, तर तोही जाणार.

म्हणून पहिली पायरी स्प्रिंग नाही, साबणाचं पाणी. फुग्याच्या घडीला, नळीच्या सांध्यांना, व्हॉल्व्ह ब्लॉकला ब्रशनं लावा आणि बुडबुडे बघा. माझ्या पाहण्यात एक गाडी आली होती. मालकाला चारही फुगे बदला किंवा स्प्रिंग टाका असं सांगितलेलं. गळत होता नळीचा एक सांधा. (हशा) हसू नका, चार फुग्यांचे पैसे जाणार होते त्याचे.

आता समजा फुगे खरंच गेलेत आणि नवे परवडत नाहीत. तर स्प्रिंग टाकणं हा काही गुन्ह्यासारखा विचार नाही. अमेरिकेत कॅडिलॅकनं १९५७ साली एल्डोराडो ब्रोम गाडी एअर सस्पेन्शनसह आणली. ते इतकं त्रास देऊ लागलं की अनेक मालकांनी काढून साध्या स्प्रिंगा बसवल्या. पण स्प्रिंग कोणती, हे महत्त्वाचं. आपला जालना सळईसाठी प्रसिद्ध. सळई वाकवली की वाकलेलीच राहते. स्प्रिंगचं पोलाद वेगळं, ते परत फिरतं. आणि स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. १३ मिलिमीटरऐवजी १४ची तार घेतली, वेढे आणि व्यास तेच ठेवले, तर ताठपणा जवळपास ३५ टक्के वाढला! "जरा जाड टाकू, टिकेल" असं म्हणून दुसऱ्या गाडीची स्प्रिंग बसवली, की गाडी बैलगाडीसारखी आदळते. त्याच गाडीच्या वजनासाठी बनवलेला संच घ्या, आणि शॉकअप त्या स्प्रिंगला जुळणारेच हवेत.

शिवाय गाडीचा संगणक उंची शोधत राहतो आणि डॅशबोर्डवर इशारा देतो. तो रीतसर बंद करावा लागतो. नुसता फ्यूज काढून भागत नाही. काही गाड्यांत हेडलाइटचा कोनही त्याच सेन्सरवर ठरतो. तो नीट बसवला नाही, तर रात्री समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जातो.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं, की उत्पादकानं ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. म्हणून काम करण्याआधी आरटीओला आणि विमा कंपनीला विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

शेवटचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं. इथं गॅरेजवाली पोरं बसली आहेत, त्यांच्यासाठी. हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. नळी सुटली की गाडी क्षणात खाली येते, ओरडायलाही वेळ मिळत नाही. आधी सिस्टिम बंद करा, मग जॅक, मग घोड्या लावा, हवा सोडा, मगच नळी खोला. स्प्रिंग दाबून बसवतानाही तोंड तिच्या रेषेत ठेवू नका.

तर टाकायची का? आधी गळती शोधा. छोटी असेल तर दुरुस्त करा. फुगेच गेले असतील, तर काय सोडतोय हे समजून, परवानगीचं विचारून, योग्य स्प्रिंग टाका. गाडी थोडी दबेल, थोडी हलेल. ते पत्करायचं की नाही, हे मालकानं ठरवावं. पण माहीत असून ठरवावं. आता प्रश्न विचारा.