मांढरदेवचा अपघात आणि देवीचा कोप

सातारा जिल्ह्यातील वाई तालुक्यात मांढरदेवच्या डोंगरावर २५ जानेवारी २००५ रोजी, पौष पौर्णिमेच्या यात्रेत, काळूबाईच्या दर्शनास गेलेली सुमारे तीनशे माणसे घरी परतली नाहीत. त्यांत स्त्रिया व मुले पुष्कळ होती. या अनर्थास कोणी देवीचा कोप म्हणाले, कोणी अडाण्यांची झुंड म्हणून नाक मुरडले. आमच्या मते दोन्ही पक्षांनी एकच सोय साधली. जबाबदार माणसाकडे बोट दाखविण्याचे काम टळले!

वस्तुतः घडले ते अगदी साधे आहे. देवीपुढे फुटणाऱ्या नारळांच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या, काही माणसे घसरली, आणि मागून रेटणाऱ्या लोंढ्यास पुढे कोण पडले आहे ते दिसेना. त्यातच वाटेवरची दुकाने पेटली व गॅसच्या टाक्या फुटल्या. मग पळावे तरी कोठे? चौरस मीटरभर जागेत पाचसहांहून अधिक माणसे कोंबली म्हणजे कोणाचेच पाय त्याच्या स्वाधीन राहात नाहीत. छाती दाबून उभ्याउभ्या प्राण जातो. तेथे पदवीधराची पदवीही कामास येत नाही. व्यापारी वाचकांस कडू लागेल, परंतु यात्रेच्या वाटेवर हातभर पुढे सरकविलेले दुकान कोणाच्या तरी सुटकेची वाट अडविते, हे सांगणे प्राप्त आहे.

बरे, इशारा मिळाला नव्हता असेही नाही. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या कुंभमेळ्यात ३९ यात्रेकरू असेच चिरडले गेले होते. त्यास पुरते दीड वर्षही लोटले नव्हते. आणि मांढरदेवनंतर तरी डोळे उघडले काय? २ जुलै २०२४ रोजी उत्तरेत हाथरस येथे सत्संगास जमलेल्यांपैकी १२१ जण गेले.

आपल्या लोकांस शिस्त लावता येत नाही, हा आक्षेप आम्हांस मान्य नाही. पंढरीच्या वाटेवर चोपदाराने दंड उंच करताच हजारो वारकऱ्यांचे टाळ थांबतात; त्यासाठी लाठी लागत नाही.

मांढरदेवप्रकरणी सरकारने निवृत्त न्यायमूर्ती राजन कोचर यांचा आयोग नेमला. पण १९५२ च्या कायद्याखालील आयोगाच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, हे पक्षकारांस नेहमी उशिरा कळते. म्हणून आमची मागणी यात्रेनंतरच्या चौकशीची नसून यात्रेपूर्वीच्या कागदाची आहे: वाटेची रुंदी किती, एका वेळी माणसे किती सोडणार, नारळ कोठे फुटणार, आणि वाट बंद करण्याचा अधिकार कोणत्या अंमलदारास, हे त्याच्या नावानिशी तहसील कचेरीच्या दारावर महिनाभर आधी लागले पाहिजे.