मुठीसाठी कापड आणि रेझिन

रेझिनमध्ये भिजवलेल्या कापडाचे थर एकावर एक रचून दाबले आणि ते तसेच घट्ट होऊ दिले, की त्यांची एकसंध पाटी तयार होते. ही पाटी लाकडासारखी कापता, कानसता आणि घासता येते. मात्र पाण्याने लाकडासारखी फुगत नाही आणि उन्हाने तडकत नाही. सुरी, चाकू किंवा कोयतीच्या मुठीला ती म्हणूनच चांगली. कारखान्यात बनणारी अशी पाटी जगभर ‘मायकार्टा’ या व्यापारी नावाने ओळखली जाते. विजेच्या सामानाच्या दुकानात मिळणारी तपकिरी ‘हायलम’ शीट आणि टेबलावर लावायचा सनमायका हीसुद्धा त्याच कुळातली. घरी मात्र ती सुती कापड, दोन भागांचे इपॉक्सी, दोन फळ्या आणि चार शिकंजे एवढ्यावर करता येते.

रत्नागिरी जिल्ह्यात शास्त्री नदी जिथे समुद्राला मिळते, त्या जयगडसारख्या मासेमारी बंदरात अशा मुठीची गरज सहज लक्षात येते. मासे कापायच्या सुरीला दिवसभर खारे पाणी, रक्त आणि माशाचे तेल लागते. पावसाळ्यात लाकडी मूठ फुगते, पुढे कोरड्या हवेत आकसते आणि असे दरवर्षी होत राहिले की रिव्हेट ढिले पडतात. मूठ आणि पात्याच्या फटीत खारे पाणी शिरते. तिथे लोखंड गंजते, आणि गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागत असल्याने तो आतून मूठ फोडतो. लाकडाच्या भेगांत अडकलेली घाण धुऊनही निघत नाही.

ताकद कशात असते

या पाटीचे सगळे गणित एका गोष्टीवर उभे आहे: ताकद कापडाच्या धाग्यांत असते, रेझिनमध्ये नव्हे. नुसत्या रेझिनचा ठोकळा काचेसारखा ठिसूळ असतो. जोरात आपटला तर तुकडे होतात. त्यात कापड असेल तर पडू पाहणारी चीर प्रत्येक धाग्याशी अडते. रेझिनचे काम दोनच: धागे जागच्या जागी धरून ठेवणे आणि त्यांच्यापर्यंत पाणी व हवा पोहोचू न देणे. म्हणून चांगल्या पाटीत रेझिन हवे तेवढेच असते आणि कापड जास्तीत जास्त. कापड धुणे, सुकवणे, भिजवणे, दाबणे या प्रत्येक पायरीमागे हाच हेतू आहे.

थर चिकटवून कठीण वस्तू घडवण्याची कल्पना कोकणाला नवी नाही. सावंतवाडीच्या गंजिफांसाठी कागदाचे किंवा कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, वर लाखेचा लेप देण्याची पद्धत होती. फरक चिकटद्रव्यात आहे. खळ पाण्यात पुन्हा विरघळते आणि लाख उष्णतेने वितळते. एकदा घट्ट झाल्यावर पाण्याने किंवा उष्णतेने पुन्हा पातळ न होणारे कृत्रिम रेझिन विसाव्या शतकात आले. बेल्जियममध्ये जन्मलेले अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइडपासून बेकेलाइट बनवले. त्यानंतर थोड्याच वर्षांत अमेरिकेतील वेस्टिंगहाउस कंपनीने कागद आणि कापड अशा रेझिनमध्ये बुडवून, तापवून, दाबून मायकार्टा तयार केला. सुरुवातीला त्याचा उपयोग विजेच्या यंत्रांत विद्युतरोधक म्हणून होई. पुढे आवाज न करणारे दातेरी चक्र, बेअरिंग अशा यंत्रभागांसाठी तो वापरात आला. चाकूच्या मुठीकडे तो वळला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

कारखान्यातली ही पद्धत घरी जशीच्या तशी उचलता येत नाही. फिनॉलचे रेझिन घट्ट होताना त्यातून पाण्याची वाफ सुटते. ती थरांत फुगे करू नये म्हणून पाटी दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापवत प्रचंड दाबाखाली ठेवावी लागते, आणि त्यासाठी हायड्रॉलिक प्रेस लागतो. इपॉक्सी घट्ट होताना मात्र काहीही बाहेर टाकत नाही. त्यामुळे हाताने आवळलेल्या शिकंज्यांचा दाब त्याला पुरतो. घरगुती पाटी शक्य होते ती या एका गुणामुळे.

कोणते रेझिन

किनाऱ्यावर सर्वांत ओळखीचे रेझिन म्हणजे पॉलिएस्टर. होड्यांना फायबर मारतात ते याच्यानेच. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते. या सुमारास होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात आणि त्यांची डागडुजी होते. रेझिन, कोबाल्ट, कॅटॅलिस्ट आणि काचेची मॅट हे शब्द त्यामुळे बंदरावर रोजच्या बोलण्यातले आहेत. पॉलिएस्टर स्वस्त असते आणि लवकर घट्ट होते. पण घट्ट होताना ते पाच ते आठ टक्के आकसते, त्याचा वास फार उग्र असतो, आणि सुती कापडाला व पोलादाला ते इपॉक्सीइतके घट्ट धरत नाही.

मुठीसाठी इपॉक्सी सरस ठरते. ते कमी आकसते, चिवट असते आणि पाते, पितळ, कापड या तिन्हींना पकडते. अरल्डाइटच्या दोन नळ्यांतून घराघरांत पोहोचलेला चिकट पदार्थ तोच. पण ती पेस्ट दाट असल्याने कापडात मुरत नाही. थर भिजवण्यासाठी पातळ, ‘लॅमिनेटिंग’ प्रकारचे इपॉक्सी घ्यावे. ‘पाच मिनिटांत घट्ट’ अशी जात टाळावी, कारण थर रचून होण्याआधीच ते दगड बनते. भारतात मिळणाऱ्या एलवाय ५५६ आणि एचवाय ९५१ या प्रचलित जोडीत वजनाने १०० भाग रेझिनला १० भाग हार्डनर लागतो. इतर जोड्यांचे प्रमाण वेगळे असते, म्हणून डब्यावरचे प्रमाण पाहून वजनकाट्यावर मोजूनच मिश्रण करावे. जास्त हार्डनर घातल्याने काम लवकर होत नाही. जास्तीचा हार्डनर न जुळता तसाच राहतो आणि पाटी कायमची मऊ व चिकट राहते.

कापडाची निवड

सुती कापड रेझिन चांगले शोषते. कॅनव्हास, जीन्सचे डेनिम, जाड खादी, जुन्या चादरी हे सगळे चालते. गोणपाटाची वीण मोठी असल्याने पाटीवर देखणी जाळी उमटते, पण तिच्या भोकांत हवा अडकते आणि रेझिनही जास्त लागते. टेरिकॉट, नायलॉन यांसारखे कृत्रिम धागे रेझिन आत घेत नाहीत; थर सुटण्याचा धोका असल्याने ते टाळावेत. जुन्या नायलॉन जाळ्याचा तुकडा मुठीत बसवण्याचा मोह होतो, पण याच कारणाने तो टिकत नाही.

नव्या कापडावर खळ असते, जुन्यावर तेल आणि साबण. दोन्ही रेझिनला धाग्यापर्यंत जाऊ देत नाहीत. म्हणून कापड गरम पाण्यात धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावे. वाळवणे सर्वांत महत्त्वाचे. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असतानाही सुती कापड स्वतःच्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के पाणी धरून असते. कोकणच्या पावसाळ्यात ते बरेच वाढते, आणि हाताला कोरडे लागणारे कापडही खरे तर ओलेच असते. कडक इस्त्री फिरवून, गार होताच लगेच वापरणे हा त्यावरचा साधा उपाय. वेळ निवडून काम करायचे असेल तर डिसेंबर ते एप्रिल हा काळ बरा.

रंगाचा अंदाज घेण्यासाठी कापडाचा कोपरा पाण्यात बुडवून पाहावा. ओल्या कापडाचा जो रंग, जवळपास तोच पाटीचा. निळे डेनिम गडद, काळपट निळे दिसते. पातळ पांढरे कापड दुधी होते.

थर रचणे

दोन मुठींना पुरेल अशी २५ सेंटीमीटर लांब, १० सेंटीमीटर रुंद आणि ८ मिलिमीटर जाड पाटी धरली, तर तिचे आकारमान २०० घनसेंटीमीटर होते आणि वजन २६० ग्रॅमच्या आसपास भरते. त्यात साधारण निम्मे रेझिन. सांडणे, भांड्याला लागणे आणि दाबून बाहेर येणे धरून १६० ते १८० ग्रॅम मिश्रण तयार ठेवावे. अर्धा मिलिमीटर जाडीच्या कॅनव्हासचे १६ ते २० तुकडे पुरतात. तुकडे प्रत्येक बाजूने एक सेंटीमीटर मोठे कापावेत, म्हणजे कडा छाटता येतात.

फळ्यांना जाड पॉलिथिन किंवा खाकी पॅकिंग टेप लावावी. उघड्या लाकडाला रेझिन कायमचे चिकटते. पहिल्या फळीवर थोडे मिश्रण पसरून त्यावर कापड ठेवावे आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने मधून कडेकडे दाबत न्यावे. कापड सगळीकडून सारखे गडद झाले की धागे भिजले असे समजावे. फिकट डाग दिसला तर तिथे हवा आहे. मग पुढचा थर. सगळे तुकडे एकदम टबात बुडवण्यापेक्षा असे एकेक भिजवणे बरे, कारण कोरडी जागा नजरेत येते.

वरची फळी ठेवून शिकंजे मधल्यापासून सुरू करून बाहेरच्या दिशेने थोडे थोडे आवळावेत. दोन्ही टोकांना ८ मिलिमीटरच्या पट्ट्या ठेवल्या तर फळी तेवढ्यावर अडते. असा अडसर नसेल तर हौसेने जास्त आवळले जाते, रेझिन पिळून निघते आणि आतले थर कोरडे पडतात.

रेझिन घट्ट होताना उष्णता सोडते. तेच मिश्रण भांड्यात साचून राहिले तर उष्णता अडकते, त्याने क्रिया आणखी वेगाने होते, आणि कपात धूर निघू लागतो. मे महिन्यातल्या दुपारी हे फार लवकर घडते. म्हणून थोडे थोडे मिश्रण करावे, ते पसरट भांड्यात ठेवावे आणि काम सकाळी उरकावे.

२४ तासांनी शिकंजे काढता येतात, पण पूर्ण ताकद यायला सुमारे आठवडा लागतो. दमट हवेत पाटीवर तेलकट, चिकट साय दिसू शकते. हार्डनर आणि हवेतली आर्द्रता व कार्बन डायऑक्साइड यांच्यातून ती बनते. कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून, मगच पुढचे काम करावे. नाहीतर पुढचे इपॉक्सी धरत नाही.

मूठ बसवणे

पाटीतून हॅकसॉने दोन पाळे कापावेत. रुंद पात्याच्या सुरीत पात्याचाच सपाट भाग मुठीच्या शेवटापर्यंत जातो. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक पाळा बसतो. आधी पात्यातल्या भोकांवरून पाळ्यांना भोके पाडावीत. खाली टाकाऊ फळी ठेवावी, नाहीतर ड्रिल बाहेर पडताना शेवटचे थर उचलले जातात. पात्याकडची पुढची कड चिकटवण्याआधीच घासून पूर्ण करावी, कारण नंतर पात्याला ओरखडे न पडता तिथे हात पोहोचत नाही.

पाळ्यांची आतली बाजू आणि पोलाद दोन्ही खरबरीत पेपरने घासून अ‍ॅसिटोनने पुसावे. चार-पाच मिलिमीटरचे पितळी गज आणि तेच इपॉक्सी लावून शिकंज्याने हलके धरावे. कोयतीसारख्या अवजारात पात्याची टोकदार शेपटी मुठीत खुपसलेली असते. तिथे दोन्ही पाळ्यांना आतून अर्धी अर्धी खाच कोरून शेपटी मध्ये बसवावी आणि फट रेझिनने भरावी. खाऱ्या पाण्याला शिरायला जागा राहता कामा नये.

आकार देताना कानस आधी, मग ८०, १२०, २२० नंबरचा पेपर. सपाट पाटीवर नुसते वरचे कापड दिसते. कडा गोल होऊ लागल्या की खालचे थर उघडे पडतात आणि डोंगराच्या नकाशावरील उंचीच्या रेषांसारखी नक्षी उमटते. दोन रंगांचे थर आलटून पालटून लावले असतील तर ती ठळक दिसते. शोभेच्या चाकूला ६०० किंवा १००० नंबरच्या वॉटर पेपरपर्यंत नेऊन चकाकी आणता येते. मासे कापायच्या सुरीला २२० ते ४०० वर थांबणे शहाणपणाचे. तिथे कापडाच्या धाग्यांची टोके उघडी राहतात आणि ओल्या, तेलकट हातातही मूठ निसटत नाही.

काळजी

करवतीचा आणि पेपरचा बारीक भुसा फुप्फुसांना घातक असतो. चांगला मास्क लावावा आणि घासणे शक्यतो पाण्यासह करावे. इपॉक्सीच्या हार्डनरची त्वचेला अ‍ॅलर्जी होऊ शकते आणि एकदा झाली की ती सहसा आयुष्यभर राहते. नायट्राइल हातमोजे घालावेत. हाताला लागलेले रेझिन अ‍ॅसिटोनने नव्हे, साबणाने धुवावे. पॉलिएस्टर वापरणाऱ्याने आणखी एक नियम पाळावा: कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट थेट एकत्र करू नयेत, त्याने स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट ढवळावे, मग एक ते दोन टक्के कॅटॅलिस्ट घालावे. कॅटॅलिस्टचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्मा हवाच.

तयार मुठीला फारशी निगा लागत नाही. साबणाच्या पाण्याने धुऊन पुसले की पुरे. खोलीच्या तापमानाला घट्ट झालेले इपॉक्सी साधारण पन्नास-साठ अंशांपासून मऊ पडू लागते. त्यामुळे सुरी उकळत्या पाण्यात टाकू नये आणि चुलीच्या कडेला ठेवू नये. मूठ काळवंडली तर बारीक पेपरने हलकेच घासावी. रंग आणि नक्षी पाटीच्या पूर्ण जाडीत असल्याने घासलेल्या जागी खालून तीच पुन्हा निघते.