‘डू’ म्हणायची परवानगी

१९९१ साली शिकण्यासाठी मी ग्योटिंगेनला गेलो, तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंकडे खोली घेतली होती. पहिल्याच रात्री त्यांनी बटाट्यांचे भांडे माझ्यापुढे धरले. मी अदबीने ‘डांके’, म्हणजे ‘आभारी आहे’, म्हणालो. भांडे तत्काळ माघारी गेले! जर्मन घरात वाढायला आलेल्याला नुसते ‘डांके’ म्हटले की त्याचा अर्थ ‘नको’. हवे असेल तर ‘बिट्टे’ म्हणावे. मी आपला दुसऱ्या आग्रहाची वाट पाहत बसलो आणि अर्धपोटी निजलो.

ही चूक पोटावर निभावली. दुसरी मात्र जिव्हारी लागली.

आपल्या तू-तुम्हीसारखे त्यांचे ‘डू’ आणि ‘झी’. यातले ‘झी’ हे मूळचे ‘ते’ या अर्थाचे सर्वनाम. म्हणजे समोर बसलेल्या एकट्या माणसाशी, तो जणू पलीकडच्या घोळक्यात असल्यासारखे बोलायचे! लिहिताना पहिले अक्षर मोठे काढतात, एवढेच. देवाला मात्र ‘डू’. आईला, आजीलाही ‘डू’. अगदी आपल्यासारखेच की, असे वाटून मी महिन्याभरात बाईंना मायेने ‘डू’ म्हणून बसलो. त्या काही बोलल्या नाहीत. पण चेहरा असा झाला, की मी न विचारता त्यांचे कपाटच उघडले असावे.

‘डू’ तिथे आपण होऊन घ्यायचा नसतो. वयाने वा अधिकाराने मोठे असेल त्याने तो देऊ करायचा. १९६८च्या चळवळीपासून विद्यार्थी एकमेकांना सर्रास ‘डू’ म्हणू लागले, हल्ली पुष्कळ कचेऱ्यांतही तेच चालते. आमच्या जिन्यावर मात्र ते वारे पोचले नव्हते. बाई आणि समोरच्या शेजारीणबाई तीस वर्षे एकमेकींना ‘झी’च म्हणत. मला तो कोरडेपणा वाटे. मग एका हिवाळ्यात शेजारीणबाई अंथरुणाला खिळल्या. बाईंनी तीन आठवडे दोन्ही वेळा गरम सूप नेऊन दिले, उशाशी बसून पाजले, आणि दर चमच्याला विचारले, “आपण आणखी घ्याल का?”

मी परत निघालो त्याच्या आदल्या संध्याकाळी बाईंनी दोन लहान पेले मांडले, वाइन ओतली, आपले पहिले नाव सांगितले आणि म्हणाल्या, “आता मला ‘डू’ म्हण.”

तीन वर्षांची सवय! माझ्या तोंडून ‘झी’च निघाले. त्या खळखळून हसल्या आणि पेला पुन्हा भरत म्हणाल्या, “पुन्हा एकदा.”