इज्तिहाद आणि परित्यक्तेचा प्रश्न

नवरा परागंदा झाला, तो हयात आहे कीं नाहीं हें कळण्यास मार्ग नाहीं, अशा स्त्रीनें काय करावें? जुन्या हनफी निर्णयाप्रमाणें त्याचे समवयस्क मरून जाईपर्यंत तिनें वाट पाहावयाची! या जाचांतून सुटण्यासाठीं पंजाबांत कित्येक स्त्रियांनीं धर्मच सोडला. महंमद इक्बाल यांनीं आपल्या व्याख्यानांत हें दुःख मांडून इज्तिहादाचा, म्हणजे मूळ वचनांवरून स्वतंत्र बुद्धीनें निर्णय काढण्याचा, पुरस्कार केला. मौलाना अश्रफअली थानवी हे पूर्वाचार्यांच्या अनुसरणाचे कट्टे अभिमानी. परंतु त्यांनींहि मदिनेच्या मालिकी शास्त्र्यांचीं मतें मागवून त्यांची चार वर्षांची मुदत ग्राह्य ठरविली. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यांत तीच मुदत आली. नवऱ्याचा चार वर्षें ठावठिकाणा न लागल्यास स्त्रीस न्यायालयांतून मोकळें होतां येतें. त्यासाठीं धर्मत्याग नको. हा कायदा भारतांत अद्यापि चालू आहे.

ईश्वरचंद्र विद्यासागरांनीं पराशरवचनाच्या आधारें विधवाविवाहाचें समर्थन केलें, हें वाचकांस ठाऊकच आहे. मार्ग दोन्हीकडे ग्रंथांतच होता. पीडितेकडे पाहून तो शोधणारा विद्वान् मात्र पाहिजे होता.