नागपूरच्या दगडातील डावखुऱ्या गोगलगायी

धंतोलीला लागून असलेली सीताबर्डीची टेकडी किल्ल्यासाठी सर्वांना परिचित आहे. भूशास्त्राच्या अभ्यासकांना मात्र तिचे आकर्षण निराळे. लाव्हाच्या दोन थरांमध्ये गोड्या पाण्यात साचलेल्या गाळाचा एक पातळ थर तेथे दबलेला आहे. ज्वालामुखी शांत असताना या प्रदेशात तळी होती. टाकळी, तेलंगखेडी परिसरातील अशाच थरांत त्या तळ्यांतील गोगलगायींची कवचे सापडली. स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने त्यांचे वर्णन १८६० साली लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यांतील एका जातीच्या नावात तेलंगखेडी आहे, तर दुसरीच्या नावात खुद्द नागपूर!

ही ओळख पटवायची कशी? प्राणी केव्हाच नाहीसा झालेला. हाती राहते ते केवळ कवच. त्याचे टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरावे. तोंड उजवीकडे आले तर कवच उजवे, डावीकडे आले तर डावखुरे. बहुतेक गोगलगायी उजव्या असतात. तळ्यांतील लिम्निया त्यांपैकीच. फायसा मात्र डावखुरी. नागपूरच्या थरांतील सर्वांत प्रसिद्ध जीवाश्म, फायसा प्रिन्सेपी, यावरूनच ओळखू येतो. एवढे सोपे असले तरी येथे एक फसगत संभवते. पुष्कळदा कवच विरघळून गेलेले असते आणि दगडात त्याचा केवळ बाहेरचा ठसा उरतो. शिक्क्यावरील अक्षरे कागदावर उलटी उमटतात, तसा डावखुऱ्या कवचाचा ठसा उजवा दिसतो. हे विसरल्यास कुळच बदलते!

यानंतर वेटोळ्यांची संख्या, त्यांमधील खाचेची खोली, पृष्ठभागावरील रेषा आणि तोंडाचा आकार पाहावा लागतो. काही मिलिमीटरच्या कवचात हे सारे भिंगाखालीच दिसते. खोल समुद्रातून गाळाबरोबर वर येणाऱ्या चिमुकल्या शंखांबाबतही अडचण तीच. तेथेही बहुधा रिकामे कवचच मिळते. मग अभ्यासक टोकाशी टिकून राहिलेल्या बालकवचाकडे वळतात, कारण पिल्लू पाण्यात तरंगत वाढले की अंड्यातच, हे त्यावरून कळते. जीवाश्मात नेमके हेच टोक अनेकदा झिजलेले वा तुटलेले असते.

नाव चुकले तर बिघडले कोठे, असे कोणी विचारील. या नावांवरूनच त्या थरांचा काळ आणि तेथील पाणी गोडे की खारे हे ठरविले गेले. हिस्लॉपने हे थर तृतीय कल्पातील मानले होते. आज ते सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या, डायनोसॉर नष्ट झाले त्या सुमारास झालेल्या उद्रेकांशी जोडले जातात. फायसा प्रिन्सेपीलाही अलीकडे प्लॅटिफायसा या वेगळ्या प्रजातीत ठेवतात. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी १९२० साली तिची पुन्हा तपासणी केली, तेव्हा कवचात त्यांना एका स्पंजाने पाडलेली भोके आढळली. त्या स्पंजाचे आजचे भाऊबंद समुद्रात राहतात.