फंडाचा पैसा आणि गावाचे पाणी

युद्धातून जिवंत परतलेल्या सैनिकाला, सोबतचे गेले आणि आपण मागे का राहिलो, हा प्रश्न सहसा सुटत नाही. किसन बाबूराव हजारे, म्हणजेच अण्णा हजारे, यांच्या दानशीलतेचे मूळ याच प्रश्नात आहे. मुंबईत दादरला फुले विकून पोट भरणारा हा तरुण पुढे सैन्यात ट्रकचालक झाला. जगण्याला अर्थ उरला नाही असे वाटत असताना दिल्लीच्या रेल्वे स्थानकावर विवेकानंदांचे पुस्तक त्याच्या हाती पडले, आणि 1965 च्या युद्धात खेमकरण आघाडीवर सहकारी मारले गेले तेव्हा तो वाचला. तरीही त्याने नोकरी लगेच सोडली नाही. निवृत्तिवेतनासाठी लागणारी पंधरा वर्षे पुरी करून 1975 मध्ये तो पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीला परतला. पोटाची सोय असल्यानेच त्याला गावाकडे काही मागावे लागले नाही, ही बाब त्याच्या चरित्रकथांत उगीचच दुय्यम ठरते.

गावातील ज्या यादवबाबांच्या देवळाचे लाकूड दारूच्या भट्ट्यांत जळाल्याचे सांगितले जाते, त्याच्या जीर्णोद्धारासाठी हजारे यांनी सैन्यातील नोकरीतून मिळालेले फंडाचे पैसे दिले. त्यातून मिळालेल्या विश्वासावर श्रमदान, म्हणजे मजुरी न घेता सामुदायिक कामासाठी केलेले कष्ट, उभे राहिले. पाणी अडवून ते जमिनीत मुरवणारा गावचा पाझर तलाव गळका होता. त्याचा बांध दुरुस्त झाल्यावर खालच्या विहिरींना उन्हाळ्यातही पाणी टिकू लागले. पोटासाठी मुंबईकडे जाणाऱ्या पारनेरच्या माणसांच्या दृष्टीने हा बदल किती मोठा होता, हे वेगळे सांगायला नको.

दानाने अधिकारही येतो, आणि तो नेहमीच सौम्य नसतो. दारू न सोडणाऱ्यांना देवळाजवळच्या खांबाला बांधून लष्करी पट्ट्याने मारल्याचे हजारे यांनी स्वतःच सांगितले आहे. गाव व्यसनमुक्त झाले म्हणून या शिक्षेकडे काणाडोळा करता येत नाही. शिवाय श्रमदान भूमिहीनानेही केले, तरी विहिरीत वाढलेल्या पाण्याचा पहिला लाभ विहीर असणाऱ्यालाच होतो. हजारे यांनी ज्यांच्याकडून धडे घेतले त्या विलासराव साळुंखे यांनी 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात पाणी पंचायत उभी करताना ही अडचण ओळखली होती. तिथे पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरांवर नव्हे, तर कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरला आणि भूमिहीनालाही त्यात हक्क मिळाला.